इन्सेमिनॉईड (1981): नुसती नक्कल म्हणून सोडून द्यायचा का?

सावनी_पु

धागा काढू की नको असं दोन दिवस चाललं होतं, शेवटी काढतेच. परवा रात्री इन्सेमिनॉईड बघितला, नॉर्मन जे. वॉरनचा ब्रिटिश पिक्चर, अमेरिकेत हॉरर प्लॅनेट नावाने लागला होता तोच. माझी जुळी चौदा महिन्यांची आहेत, एक झोपलं की दुसरं उठतं, त्यामुळे माझे सगळे पिक्चर रात्री दोन ते चार, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान पाळण्याकडे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओसाड ग्रहावर एक टीम जुन्या संस्कृतीचे अवशेष उकरतेय, तिथल्या भिंतींवरच्या खुणांवरून कळतं की त्या लोकांचं सगळं जग जुळ्यांभोवती फिरत होतं. मग अपघात होतात, माणसं वेडी होतात, आणि सँडी नावाच्या बाईवर तिथला प्राणी हल्ला करतो आणि तिला दिवस जातात. गर्भ भराभर वाढतो, सँडीच्या अंगात अचाट ताकद येते आणि ती एकेकाला मारत सुटते.

आता माझा प्रश्न. जिथे बघावं तिथे एकच वाक्य, एलियन या गाजलेल्या अंतराळ-भयपटाची स्वस्तातली नक्कल, संपलं. मला तसं वाटलंच नाही हो. एलियनमधे तो प्रकार एका पुरुषाच्या छातीतून बाहेर येतो आणि पुढचा पिक्चर त्या प्राण्याचा होतो. इथे बाई जिवंत राहते, ओझं घेऊन फिरते, बाळंत होते, आणि कॅमेरा तिच्याबरोबरच असतो. ती बोगद्यात एकटी कळा देते तो सीन मी परत मागे नेऊन बघितला, सँडी झालेल्या ज्युडी गीसनचे केस कपाळाला चिकटलेत, तोंडातून आवाज येतोय तो बाईचा की जनावराचा ते समजत नाही, आणि मला एकदम आमच्या लेबर रूमचं छत आठवलं. सगळी टीम एकच चर्चा करतेय, हिला आवरायचं कसं. तुला काय होतंय असं तिला कोण विचारतं? माझ्याही शेवटच्या दोन महिन्यांत घरात सगळे पोटाशी बोलायचे, माझ्याशी कमी.

तर दोन गोष्टी सांगा. हा खरंच नक्कल आहे का, आणि इतक्या कमी पैशात हे केलं कसं? आणि दुसरं, यात गरोदरपणाचं काही खरं तुम्हाला दिसलं का, की मीच माझं त्यात बघतेय?

पडदावेडा

सावनी, धागा काढलात ते फार बरं केलंत, या पिक्चरवर मराठीत कोणी चार ओळी लिहिलेल्या मी तरी वाचल्या नाहीत.

नक्कल का, तर प्रामाणिकपणे सांगायचं तर वारा तिकडूनच वाहत होता. एलियन 1979 ला आला आणि याचं शूटिंग झालं 1980 च्या मे-जूनमधे, तेव्हा अंधारा ग्रह, हेल्मेट, एकेक जण कमी होणं हे सगळं हवेतच होतं. पण पैशाचा फरक बघा. एलियनला साधारण 1.1 कोटी डॉलर लागले, याचं सगळं बजेट 10 लाख पौंडांच्या आसपास, आणि त्यातले अर्धे हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सनी घातले, म्हणजे ज्यांचे कुंगफू पिक्चर आपण लहानपणी व्हिडिओवर घासून घासून बघितले तेच. एवढ्यात स्पेसशिपचे सेट उभे राहत नाहीत, म्हणून त्यांनी लंडनच्या कडेला केंटमधे चिझलहर्स्टच्या गुहा गाठल्या. बोगदे आयते मिळाले. त्यावर रंगीत दिवे मारले, काही भाग स्टुडिओत घेतला आणि ग्रहाचा उघडा पृष्ठभाग माल्टाजवळच्या गोझो बेटावर. बरं, हे सगळं रुंद पडद्यासाठी शूट केलंय, म्हणजे अरुंद बोगदा आणि आडवी फ्रेम, बाजूला काळोखच काळोख, भीतीचं अर्धं काम तिथेच होतं. जॉन स्कॉटचं म्युझिक इलेक्ट्रॉनिक आहे, एका कानाने ऐकलंत तर अर्धंच पोचलं असेल, परत ऐका.

आता मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पटकथा निक मेली आणि ग्लोरिया मेली या नवराबायकोची आहे. निक मेली मूळचा मेकअप आणि प्राणी बनवणारा माणूस, स्टार वॉर्सच्या एम्पायर स्ट्राइक्स बॅकमधल्या योडा या बुटक्या प्राण्यावर ज्या टीमने काम केलं त्यात तो होता. म्हणजे राक्षस बनवणाऱ्याच्या हातात गोष्ट होती, त्याने मनात आणलं असतं तर दर पाच मिनिटांनी राक्षस दाखवला असता. पण यातला प्राणी जेमतेम दिसतो आणि पुढची सगळी भीती एका नटीच्या अंगावर टाकलीय. टू सर विथ लव्ह (1967) मधली गीसनची ती शाळकरी पोरगी आठवा आणि मग ही सँडी बघा. रबराचा सूट दोन शॉटनंतर रबरच दिसायला लागतो, गीसनचा चेहरा शेवटपर्यंत टिकतो. मी स्वतः दोन शॉर्टफिल्म केल्यात, दोन्ही वेळेला पैसे मुखवट्यावर घालवले आणि बाईला चेहऱ्याचा एकही मोठा सीन दिला नाही, ते आता फार लागतं मनाला.

नाव सुरुवातीला डूमसीड्स ठरलं होतं. पण 1977 चा डीमन सीड होता, त्यातही कॉम्प्युटरकडून बाईला दिवस जातात, म्हणून बदललं.

ऋतुजा_क

मला नाही पटलं, आणि स्पष्टच लिहिते. हल्ल्याच्या त्या सीनबद्दल कोणीच काही बोललं नाहीये. सँडी नागडी टेबलावर, पारदर्शक नळी, त्यातून सरकत जाणारा तो हिरवट द्रव. तो बलात्कार आहे, पण कॅमेरा ज्या तऱ्हेने तिच्या अंगावरून फिरतो त्यात मला तिची भीती कमी आणि तिकीट विकणाऱ्याची नजर जास्त दिसली. आणि पुढे काय, तर जिच्यावर अत्याचार झाला तीच राक्षस ठरते आणि बाकीचे तिला मारायला निघतात. सावनी, तुला त्यात एकटेपण दिसलं ते मी मान्य करते पण ते पिक्चरने मुद्दाम ठेवलंय की गीसनने आपल्या जिवावर आणलंय? मला वाटतं दुसरं.

आणि बाकीच्या बायका पण बघ. टीममधल्या गेल नावाच्या बाईचा पाय अडकतो आणि ती बाहेरच्या थंडीत स्वतःचाच पाय करवतीने कापायला बघते, तो सीन बघून मी पंधरा मिनिटं उठून गेले होते. हे सगळं बाईच्याच शरीरावर का?

पडदावेडा

ऋतुजा, त्या सीनबद्दल तुमचं बरोबर आहे, मी त्यावरून पळ काढला होता. एकच म्हणेन, तो सीन स्वप्नासारखा घेतलाय, खरं काय झालं आणि सँडीला काय आठवतंय यात फरक ठेवलाय, त्यामुळे मला तो ऑपरेशन टेबलावर अर्धवट शुद्धीत असल्यासारखा वाटला. पण कॅमेऱ्याच्या नजरेबद्दल मी वाद घालणार नाही.

रात्रपाळी

मी पिक्चर बघितलेला नाही, भयपट मला झेपत नाहीत, पण प्रसूती वॉर्डात बावीस वर्षं काढलीत म्हणून सावनीच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं.

तू तुझंच बघत नाहीयेस गं. बाळ आईच्या शरीरासाठी अर्धं परकंच असतं, निम्मं बापाकडून आलेलं, तरी शरीर ते नऊ महिने सांभाळतं. वार, म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयाच्या भिंतीत घुसते, आईच्या रक्तवाहिन्यांची रचना बदलते, आपल्याला हवं ते तिकडून ओढून घेते. आणि कधी कधी शरीर खरोखर भांडायला उठतं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, बाळाचं थोडं जरी रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्याच्याविरुद्ध हत्यारं तयार करतं आणि पुढच्या खेपेच्या बाळाला त्याचा धोका. ती हत्यारं तयारच होऊ नयेत म्हणून आम्ही अठ्ठाविसाव्या आठवड्याला आणि परत बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतो. ते देताना बायका विचारतात, सिस्टर म्हणजे माझंच रक्त माझ्या बाळाला मारणार होतं का, आणि तेव्हा त्यांच्या हाताला घाम फुटलेला असतो तो माझ्या हाताला लागतो. मी दरवेळी खुर्ची ओढून बसते आणि नीट समजावते, घाईत कधी नाही.

अजून एक, बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मागे राहतात. 1996 साली छापलेल्या अभ्यासात मुलगा होऊन 27 वर्षं झालेल्या बाईच्या रक्तातही त्या सापडल्या होत्या.

आणि डोहाळे. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खाणाऱ्या बायका मी बघितल्यात, रक्त कमी असलं की असं होतं, आणि घरचे हसतात किंवा ओरडतात. पिक्चरमधे ती बाई काही विचित्र खाते का?

सावनी_पु

रात्रपाळी ताई, रक्त पिते ती. तुम्ही डोहाळे हा शब्द लिहिलात आणि मला काटाच आला, मी पिक्चरभर त्याला हिंसा समजत होते, ते डोहाळे आहेत! मी स्वतः सातव्या महिन्यात भिंतीचा पोपडा काढून चघळला होता, आजवर नवऱ्यालाही सांगितलं नाही, इथे लिहितेय.

ऋतुजा, तुझ्या बोलण्यावर विचार करतेय. शेवटी सँडीला मार्कच गळा दाबून मारतो, ज्याचं तिच्यावर प्रेम आहे तो, आणि त्यालाही सँडीला झालेल्या जुळ्यांमधलं एक मारतं. तेव्हा मला फक्त वाईट वाटलं होतं, आता राग येतोय. तरी गीसनचं श्रेय मी सोडणार नाही.

अनघा_वाचते

थोडं बाजूचं. परक्याचं पिल्लू वाढवायची भीती एलियनच्या कितीतरी आधीची आहे, जॉन विंडमची द मिडविच कुकूज ही कादंबरी 1957 ची, त्यावर 1960 ला व्हिलेज ऑफ द डॅम्ड हा पिक्चर आला. गावातल्या सगळ्या बायकांना एकाच दिवशी दिवस जातात. कुकू म्हणजे आपल्या कोकिळेचीच भावकी, आणि आपल्याकडे कोकिळेला परभृत म्हणतातच की, दुसऱ्याने पोसलेली. आमच्या गच्चीसमोरच्या आंब्यावर दरवर्षी कावळीण कोकिळेचं पिल्लू भरवते, ते लाल तोंड उघडून ओरडतं आणि ती दमेपर्यंत आणत राहते. तिच्याकडून बघितलं की गाण्यातली कोकिळा वेगळीच वाटायला लागते.

केंटकर_मंदार

उशिरा आलो, पण चिझलहर्स्टचं नाव वाचलं आणि राहवलं नाही, मी तिथून अर्ध्या तासावर राहतो आणि तीनदा जाऊन आलोय. आपण गुहा म्हणतो पण त्या नैसर्गिक नाहीत, खडू आणि गारगोटीसाठी माणसांनीच खणलेले बोगदे आहेत, सगळे धरून जवळपास 35 किलोमीटर. आत शिरताना हातात कंदील देतात. मग गाईड एका ठिकाणी सगळे कंदील लांब ठेवायला लावतो, स्वतः पुढे जातो आणि काळोखात एक मोठा आवाज करतो. तो आवाज बोगद्यांतून फिरून फिरून परत येतो आणि आपल्या मागून येतोय असं वाटतं. भिंतीला हात लावला तर ओलसर पांढरी पूड बोटांना लागते. तिथे अंतराळवीराच्या सूटमधे दिवसेंदिवस शूटिंग करायचं म्हणजे त्या नटांना सलामच. बीबीसीच्या डॉक्टर हू या टीव्ही मालिकेचं पण शूटिंग तिथे झालंय, द म्यूटंट्स नावाची गोष्ट, 1972.

पण सावनी, तुम्हाला सांगायची गोष्ट दुसरी आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा याच बोगद्यांत रात्रीला 15,000 पर्यंत माणसं झोपायची, आत चर्च होतं, दवाखाना होता. आणि तिथे एक मुलगी जन्माला आली. तिच्या नावातच कॅव्हेना असं घातलं, गुहेवरून. गाईडने हे सांगितलं तेव्हा मी पिक्चर बघितलेला होता आणि त्या जागेवरून पाय निघेना. सँडीला जिथे एकटीला ओरडायला लावलं त्याच बोगद्यांत चाळीस वर्षांआधी एक बाई बाळंत झाली आणि तिच्या आजूबाजूला हजारो माणसं होती.

सावनी_पु

मंदार, हे वाचून डोळे भरले. माझा भाऊ लंडनमधे क्रॉयडनला असतो, पुढच्या वर्षी जाणारच आहोत त्याच्याकडे. आत जुळ्यांची बाबागाडी जाईल का?

केंटकर_मंदार

गाडी नका नेऊ, खाली उंचसखल आहे. एक तुम्ही झोळीत बांधा, एक भावाकडे द्या. आणि दोघांना स्वेटर-टोपी घाला, बाहेर कितीही ऊन असलं तरी आत बारा महिने 10 अंशच असतात.