कोळंबीवर काळे डाग: आता काढू की थांबू?

खाजनातला
पेडण्याकडे, शापोरा नदीच्या खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, माझं दीड एकराचं तळं आहे. व्हेनामी जातीची कोळंबी सोडून पंच्याऐंशी दिवस झाले. काल पाग (फेकजाळं) मारला तर दहा-बारातल्या एकीच्या शेपटीवर आणि पोटाखालच्या पायांवर काळपट डाग. नखाने खरवडला, जात नाही, मधे खळगा आहे. खातायत मात्र बरी, चेक ट्रे, म्हणजे खाणं तपासायचं ताट, दोन तासांत रिकामा. व्यापाऱ्याने डाग बघून किलोमागे साठ रुपये पाडून मागितले. १ जूनला मासेमारीबंदी लागली की भाव चढेल, पण पाऊस आला की बांधाचा भरवसा नाही. दुकानदार खाद्यात मिसळायला एक पुडी देतोय, वर नावच नाही. बायको म्हणते, आधी घरात शिजवून बघू. खायला चालेल ना?

तळेवाला
खळगा आहे म्हणजे कवचाचा रोग. कायटिन खाणारे जिवाणू कवच पोखरतात, व्हिब्रिओ त्यातलाच. जखमेवर कोळंबी स्वतःच काळा रंग चढवते. काढल्यावर बर्फ कमी पडला की डोक्याकडून जो काळेपणा येतो तो वेगळा, ती कोळंबीच्या अंगातल्या विकराची (एन्झाइमची) करामत, रोग नव्हे. व्यापारी दोन्हीला एकच भाव लावतो, त्याला काय. आता पाच-सात सोलून बघा. डाग कवचापुरताच असेल तर कात टाकताना जाईल. मांसाला चिकटला असेल तर कातच अडकते, अशी वाढतही नाही. आणि कात टाकल्याटाकल्या काढू नका. मऊ कवचाला भाव त्याहून कमी, आणि अमावास्येच्या सुमारास बऱ्याच जणी कात टाकतात, ती जवळ आलीय.

म्हापशाची मासळीवाली
भाऊ, गिऱ्हाईक डाग बघतं, मी पाठीतला दोरा, म्हणजे आतडं, बघते. दोरा रिकामा नाहीतर पांढरट, कवच सैल, दाबलं की बोट रुततं, असली सुंगटं मी पाटीत घेत नाही. आजारी कोळंबी खाणं सोडते आणि अंगातलं मांस झिजतं. हुमणात (कालवणात) घातली की आकसते, पाणी सुटतं, चव राहात नाही. तुमची खातायत तर चांगलं लक्षण. पूर्ण शिजवली की व्हिब्रिओ मरतो, बर्फाने नुसता थोपतो. पण तीच सुरी कांदा-काकडीला लावू नका.

तळेवाला
पुडीचं राहिलंच. हात लावू नका. नाव नाही म्हणजे बंदीतलं प्रतिजैविकही असू शकतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना आपल्याकडे कोळंबीत बंदी आहे. नायट्रोफ्युरानचा अंश मांसाला चिकटतो, शिजवूनही जात नाही, आणि तपासणीत सापडला की माल परत. डाग निदान दिसतो, हे दिसत नाही.

खाजनातला
सात सोलल्या. पाचांचं मांस स्वच्छ, दोघींत डाग आत उतरलेला. दोरा सगळ्यांचा भरलेला. पुडी परत केली. अमावास्येआधी परवा पहाटे काढतोय, बर्फ मालाइतकाच सांगितलाय. त्या पाच बायकोने रव्यात तळल्या. पहिली मीच खाल्ली, ती बघत बसली होती.