संकटातही काही मुले कशी सावरतात?

प्रश्न: घरातले आजारपण, गरिबी किंवा ताटातूट सोसूनही काही मुले सावरतात, तर काही खचतात, हा फरक केवळ स्वभावाचा असतो का?

उत्तर १: केवळ स्वभावाचा नाही. हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हा एकाहून अधिक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाल्याचे दिसले आणि त्यांना आजी-आजोबा, शिक्षक किंवा शेजारी असे जीव लावणारे एखादे तरी माणूस लाभले होते.

उत्तर २: सहमत आहे, मात्र मुलाला ‘तू खंबीर आहेस’ असे सारखे बजावू नये, त्यामुळे मोकळेपणी रडण्याची वाटच बंद होते.

उत्तर ३: झोपेची वेळ पाळणे, धाकट्या भावंडाचे दप्तर भरण्यासारखे झेपेल असे काम सोपवणे, यांतूनही मुलाला आधार मिळतो.