एक टिक काढायची, त्यात काय एवढं?

त्रस्त_अ‍ॅडमिन: काल इथे एका महाशयांनी ज्ञान दिलं : 'माणूस नोकरी सोडून गेला की सेल्सफोर्समध्ये (कंपनीचं गिऱ्हाईक-विक्रीचं सॉफ्टवेअर) त्याच्या नावापुढची अ‍ॅक्टिव्हची टिक काढायची. मिनिटाचं काम, अ‍ॅडमिन उगाच भाव खातात.' काढून बघाच! तो डिफॉल्ट लीड ओनर (वाली नसलेली लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकं, ज्याच्या नावावर पडतात तो) निघाला, डिफॉल्ट वर्कफ्लो युजर (मूळ माणूस नसला की आपोआप होणारी कामं ज्याच्या नावावर लागतात तो) निघाला, किंवा एखादा ईमेल अलर्ट फक्त त्यालाच जात असला, की सिस्टीम हटून बसते. आधी ते सगळं दुसऱ्याच्या गळ्यात घाला, मग टिक. तोवर फ्रीझ करता येतं, लॉगिन बंद होतं. पण लायसन्स (माणसामागे विकत घेतलेली जागा) अडकलेलंच. आणि साहेब रोज विचारणार, 'झालं का मोकळं?'

सरळसोट: महाशय मीच. पाच वर्षांत एकदाही एरर आली नाही.

खोचक: पाच वर्षांत सोडून गेले किती?

सरळसोट: चार. त्याचा काय संबंध?

पगारी_हमाल: खरं दुखणं एचआर! निरोप समारंभाचे फोटो ग्रुपवर आले तेव्हा मला कळलं की गडी गेला. तोवर त्याचं लॉगिन तीन आठवडे उघडं.

एचआरवाली: मेल जातो हो. तुम्ही उघडत नाही.

पगारी_हमाल: शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता जातो!

एचआरवाली: मग काय मुहूर्त काढून पाठवू? आणि वेबसाइटचं इंटिग्रेशन (सेल्सफोर्सशी जोडणी) एका माणसाच्या खासगी लॉगिनवर चढवा, असं एचआरने सांगितलं होतं का? आमच्याकडे त्याला बंद केला आणि वेबसाइटवरून लीड येणंच थांबलं. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. शिव्या मात्र मी खाल्ल्या, मेल वेळेवर पाठवून.

पगारी_हमाल: हे बरोबर आहे. बाकीचं नाही.

त्रस्त_अ‍ॅडमिन: म्हणून इंटिग्रेशनला वेगळा युजर हवा. मी ओरडतोय कधीचा, पण 'एक लायसन्स वाया जातं' म्हणे.

खोचक: त्यापेक्षा डिलीट करून टाका ना.

त्रस्त_अ‍ॅडमिन: युजर डिलीट होतच नाही तिथे. जुन्या रेकॉर्डवर त्याचं नाव राहायला हवं ना, राजे.

सरळसोट: बरं बाबा. टिक काढायला मिनिटच लागतं, त्याआधीचे दोन दिवस मी धरले नव्हते. खूश? आणि ते 'रनिंग युजर इनॅक्टिव्ह' काय असतं? आमचा एक डॅशबोर्ड दोन महिने तेच म्हणतोय. मला वाटलं, नेट स्लो आहे.

खोचक: ज्याच्या नावावर डॅशबोर्ड चालतो, तो माणूसच बंद केलाय. चौघांपैकी कितवा?