‘नैसर्गिक विद्युत क्षमता’ की ‘स्वयंविभव’?

यावलहून प्रश्न: शेतात नवी ट्यूबवेल घेतली. केसिंग (बोअरच्या कडा धरून ठेवणारा पाईप) टाकण्याआधी लॉगिंग, म्हणजे खोलीनुसार थरांची मोजणी, करून घेतलं. मराठी अहवालात ‘बोअरची नैसर्गिक विद्युत क्षमता’ असा रकाना आहे आणि खाली मिलिव्होल्टचे आकडे. वडील म्हणतात, क्षमता म्हणजे बोअर किती पाणी देईल ते. मला ते पटत नाही. बरोबर शब्द कोणता?

भुसावळहून उत्तर: तुमची शंका रास्त आहे. ‘क्षमता’ इथे साफ चुकली आहे, आणि वडिलांची समजूत त्या शब्दामुळेच झाली. व्होल्टमध्ये मोजतात ते ‘विभव’. शाळेच्या विज्ञानात ‘विभवांतर’ आपण सगळेच शिकलो आहोत. या मोजणीला ‘स्वयंविभव’ म्हणावं.

‘स्वयं’ का, ते मोजणी पाहिली की कळतं. एक इलेक्ट्रोड वर, बोअर खोदताना वापरतात त्या पातळ चिखलाच्या खड्ड्यात ठेवतात, दुसरा केबलला बांधून बोअरमध्ये सोडतात आणि दोघांमधलं विभवांतर खोलीनुसार नोंदवत जातात. बाहेरून वीज सोडतच नाहीत. बोअरमधला चिखल आणि थरातलं पाणी यांच्या खारटपणात फरक असला की आयन इकडून तिकडे सरकतात. क्लोराइड सोडियमपेक्षा चपळ असतो; चिकणमाती मात्र ऋण आयनांना अडवते आणि धन आयनांना वाट देते. विभव तयार होतो तो मुख्यतः यातून.

कागदावर चिकणमातीसमोर रेघ जवळजवळ सरळ उतरते. वाळू लागली की ती सरकते: थरातलं पाणी चिखलाच्या पाण्यापेक्षा खारं असेल तर डावीकडे, गोडं असेल तर उजवीकडे. दोन्ही पाणी सारखंच असेल तर वाळू असूनही रेघ हलत नाही! तापीच्या गाळात शेजारच्या विहिरीचंच पाणी घेऊन चिखल कालवला असेल, तर हे हमखास होऊ शकतं. तेव्हा आकडा लहान दिसला म्हणून बोअर वाया गेली असं अजिबात समजू नका.

शिरपूरहून: भाऊ, आमच्याकडे काळा पाषाण. बोअर हवेच्या दाबावर मारतात. तिथे हे चालतं का?

भुसावळहून: कोरड्या बोअरमध्ये नाही, ताई. बोअरमध्ये पाणी किंवा चिखल हवाच, आणि केसिंग टाकलेल्या भागात ही मोजणी होत नाही. पाणी भरलेल्या पाषाणातही वाळू आणि चिकणमातीसारखे आलटून पालटून थर नसतात, त्यामुळे रेघेवरून फारसं हाती लागत नाही. तिथे रोधकता, म्हणजे थर विजेला किती अडवतो ती मोजणी, जास्त कामाची. श्लुंबर्जे बंधूंनी 1927 साली फ्रान्समध्ये पेशेलब्रॉनच्या तेलविहिरीत पहिली विद्युत नोंद घेतली, तीही रोधकतेचीच होती. स्वयंविभव नंतर आला.

यावलकर, अहवालात ‘स्वयंविभव आलेख’ अशी दुरुस्ती करून मागा. आणि शेजारी रोधकतेचा आलेख आहे ना, ते पाहा. छिद्रांचा पाईप किती फुटांवर बसवायचा हे दोन्ही रेघा जोडीने वाचूनच ठरवा.