कर्नलला चुकीची किंमत दिली तर: सरळ नकार की परस्पर काटछाट?

टर्मिनलवाला (धागाकर्ता)
लिनक्सवर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, स्वॅपिनेस या सेटिंगमध्ये (मेमरी मोकळी करताना तिच्यातली पानं स्वॅप या राखीव जागेत किती हलवायची ते ठरवणारं) ५०० लिहून बघा. 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून एरर तोंडावर येते, जुनी किंमत तशीच राहते. उलट एखाद्या प्रोग्रॅमने लिसन या कॉलला (कनेक्शन घ्यायला सुरुवात करणारा) १०,००० चा बॅकलॉग, म्हणजे ताटकळणाऱ्या कनेक्शनची रांग, मागितला आणि सोमॅक्सकॉन (या रांगेची कर्नलमधली कमाल मर्यादा) ४०९६ असेल, तर कर्नल गुपचूप ४०९६ वर आणतो आणि कॉल यशस्वी झाल्याचं कळवतो. माझ्या मते पहिलंच बरोबर. दुसरी चक्क थाप आहे.

स्वल्पविराम
थाप कसली? बॅकलॉग म्हणजे कमाल किती ताटकळत ठेवायचे याचा अंदाज. तो कमी मिळाला म्हणून सर्व्हर सुरूच होऊ द्यायचा नाही का? आणि बूट होताना तुमचा तो नकार ऐकायला असतं कोण? सिस्टमडी (बूट होताना सेवा आणि सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) लॉगमध्ये एक ओळ टाकतं आणि पुढची सेटिंग घेतं.

टर्मिनलवाला
ओळ असते ना! बॅकलॉगच्या बाबतीत तीही नाही. लोड वाढून कनेक्शन गळायला लागली की सॉकेटची यादी काढून सेंड-क्यूचा कॉलम (तिथे प्रत्यक्ष मिळालेला बॅकलॉग दिसतो) बघायचं किती जणांना सुचतं?

रात्रपाळी
स्वल्पविरामशी सहमत. स्वॅपिनेसची कमाल मर्यादा आधी १०० होती, कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून २०० झाली. नव्या कर्नलसाठी लिहिलेली १५० ची फाइल ५.४ वर टाकली की नकार. जवळची १०० घेतली असती तर काय बिघडलं असतं?

टर्मिनलवाला
अर्थच बदलला असता. १०० म्हणजे स्वॅप आणि फाइलची पानं, दोन्हींचा खर्च सारखा धरा. १५० लिहिणारा सांगतोय की माझा स्वॅप झेडरॅमवर (मेमरीतच दाबून साठवलेला) आहे, डिस्कपेक्षा स्वस्त पडतो. 'जवळची किंमत' हे फक्त आकड्यांपुरतं खरं. शिवाय चुकून एक शून्य जास्त पडून १५०० झालं, तर तुम्ही त्याचे २०० करणार?

जुनाखोड
दोघेही मर्यादेवर फार विसंबताय. मिन-फ्री-केबाइट्समध्ये (कर्नलने किमान किती मेमरी मोकळी ठेवायची ते सेटिंग) अवाच्या सवा आकडा घाला, कर्नल मुकाट्याने घेतो आणि मशीनची मेमरी तत्क्षणी संपते. हे डॉक्युमेंटेशनमध्येच लिहून ठेवलंय! इशारा छापायचा आणि दार उघडं ठेवायचं, ही तिसरी तऱ्हा.

स्वल्पविराम
तिथे मर्यादा घालणार तरी किती? ६४ जीबीच्या मशीनला सहज झेपणारा आकडा २ जीबीच्या मशीनचा जीव घेईल.

जुनाखोड
मशीनमध्ये मेमरी किती आहे हे कर्नलपेक्षा जास्त कोणाला माहीत? त्या मापाने तपासावं, आणि नाही म्हणायचं तर मोठ्याने म्हणावं.