शब्दचर्चा : ‘हायपरमॉडर्न’ ओपनिंग मराठीत कसं सांगावं?

परभणीहून
नमस्कार मंडळी, इथं शाळेतल्या पोरांना बुद्धिबळ शिकवायलोय, आता ग्रुनफेल्ड डिफेन्सवर (पांढऱ्याच्या डी४ ला काळ्यानं खेळायची एक ओपनिंग, म्हणजे डावाची ठरावीक सुरुवात) आलोत. ‘हायपरमॉडर्न’ला ‘अतिआधुनिक’ म्हणलं की पोरं विचारतेत, सर म्हणजे कॉम्प्युटरवालं का? आणि दुसरी अडचण अशी की ‘सेंटर कंट्रोल’ला सगळे ‘मध्यावर ताबा’ म्हणतेत, पण ग्रुनफेल्डमधे काळा मधली घरं आपणहून पांढऱ्याला देऊन टाकतो, मग ताबा कुणाचा म्हणायचा? शब्द सुचवा.

लातूरहून
सर, ‘अतिआधुनिक’ सोडूनच द्या. हा शब्द बुद्धिबळपटू टार्टाकोवरनी १९२०च्या दशकात रूढ केला, तेव्हा ‘आधुनिक’ म्हणजे त्यांच्या आधीच्या टाराश या खेळाडूची शिकवण, की मध्यात प्यादी रोवा. निमझोविच, रेटी, ग्रुनफेल्ड ही खेळाडू मंडळी त्याच्या पुढं गेली म्हणून ‘हायपर’, आता हा संदर्भच पोरांना नसतो तर शब्द काय करणार.

मी दोन शब्द वेगळे ठेवतो. मधे प्यादं बसवलं तर ताबा, लांबून मोहऱ्यांचा रोख धरला तर वचक. ज्वारी हुरड्यात आली की राखणदार मचाणावरून गोफण फिरवतो, पिकात उतरत नाही, तरी पाखरू बसायचं धाडस करत नाही, तसा वचक.

पटावर लावून दाखवा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घर म्हणलं तर प्यादं). डी४ घोडा एफ६, सी४ जी६, घोडा सी३ डी५, मग मारामारी होऊन पांढऱ्याची प्यादी सी३, डी४, ई४ वर उभी राहतेत, दिसायला लई भारी. पण काळ्याचा उंट जी७ वर, प्यादं सी५ ला, घोडा सी६ ला, तिघांचाही रोख एका डी४ वर. मग पांढऱ्याला उंट ई३ ला आणून ते प्यादं राखावं लागतं आणि घोडा बऱ्याचदा एफ३ सोडून ई२ ला काढावा लागतो, कारण एफ३ ला आला की काळ्याचा दुसरा उंट जी४ वरून त्याला बांधून टाकतो. ताबा पांढऱ्याचा, पण राखणदारीही त्याच्याच गळ्यात. पोरांना हे दिसलं पायजे, नाव नंतर.

नांदेडहून
‘वचक’ एकदम पटला. फक्त एक जोडतो, सी५ च्या ढकलीला ‘फळी फोडणं’ म्हणा, फळी म्हणजे पांढऱ्याच्या प्याद्यांची रांग. ती वेळेवर फुटली नाही तर वचकबिचक काही राहत नाही, पांढरा प्यादी पुढं रेटून काळ्याला कोंडतो. नुसतं ‘मध्य सोडून द्या’ शिकवलं तर पोरं आयतीच हरतेत.

आणि हे जी६ करून उंट जी७ ला बसवणं म्हणजे युरोपातून आलेली फॅशन असं समजू नका. १८५०च्या सुमारास कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे देशी खेळाडू जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूशी असंच खेळायचे. देशी नियमात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकायचं, त्यामुळं अशी मांडणी हातात बसलेली. ‘इंडियन डिफेन्स’ नाव त्यातूनच आलं. पोरांना हे नक्की सांगा सर, आपल्याच देशातल्या माणसाचा खेळ आहे हा.

परभणीहून
ताबा, वचक, फळी फोडणं, तिन्ही घेतले. फियान्केटोला, म्हणजे उंट असा जी७ ला बसवण्याला, काय म्हणू?

नांदेडहून
‘बगलेचा उंट’. मूळ इटालियन शब्दातही बगलच आहे. पण ‘फियान्केटो’ही कानावर पडू द्या, बाहेर स्पर्धेत सगळे तेच बोलतेत.

लातूरहून
आणि ग्रुनफेल्डच्या आधी अलेखाइन डिफेन्स घ्या, तीही काळ्याची अशीच ओपनिंग. ई४ ला घोडा एफ६, ई५ ला घोडा डी५, मग डी४ डी६. घोडा पांढऱ्याच्या प्याद्यांना पुढं ओढतो आणि डी६ लगेच फळीला भिडतं. चारपाच चालीत सगळा विचार पटावर दिसतो, बारक्या पोरांना हे लवकर उमगतं.