मदत हवी आहे: घरात पेपर स्प्रे उडाला, ठसका जात नाहीये

काल भाच्याने माझ्या पर्समधला पेपर स्प्रे डिओ समजून दाबला. तोही बंद खोलीत, पंखा फुल! दोन मिनिटांत सगळं घर खोकत गॅलरीत. मिरचीची फोडणी करपल्यावर लागतो ना, त्याच्या दसपट ठसका. पोराला डोळे चोळू दिले नाहीत, गार पाण्याची धार धरली, कपडे बदलले. पाऊण तासाने डोळे नीट उघडले, आता उड्या मारतोय.

काळजी सासूबाईंची आहे. त्यांना दमा आहे. पंप घेऊन रात्र काढली, आज डॉक्टरांकडे नेतेच आहे. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की पुन्हा खोकला! स्प्रेमधलं कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारं द्रव्य, तेलकट, नुसत्या पाण्याने निघत नाही. फरशी पुसली तर माझ्याच हातांची आग झाली. भांड्यांच्या साबणाने फरशी निघेल, पण पडदे, गादी, एसीची जाळी? कोणी हे निस्तरलंय का?

२०१४ मध्ये लोकसभेत हा फवारा उडाला आणि काही खासदारांना रुग्णालयात न्यावं लागलं, तेव्हा मी हसले होते. आता नाही हसत.